घोड्याच्या शेपटीवर अडलेली सोयरीक

आमच्या दुकानात पहिल्यांदा येणारा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या मागे बघतो. मागे भिंत आहे. तरी तो बघतच राहतो, कारण त्याला पुरुष हवा असतो. "मालक न्हाईत का?" मी म्हणते, "आहेत की, बोला." तो पुन्हा भिंतीकडे बघतो. नांदेडात कॉम्प्युटर जोडायचं आणि दुरुस्त करायचं दुकान मी चालवलं, त्यात माझे केस पिकले, पण हे भिंतीकडे बघणारे काही संपले नाहीत. आमचे हे कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाले. पेनड्राइव्ह पहिल्या झटक्यात सरळ घालणं त्यांना अजून जमलेलं नाही. पण ते दुकानात नुसते पेपर वाचत बसले, तरी गिऱ्हाईक मला सोडून त्यांनाच विचारतं. हे चष्मा काढतात, गंभीर चेहरा करतात आणि म्हणतात, "तपासावं लागेल." गिऱ्हाईकाचं समाधान होतं. मग ते मशीन मी तपासते.

या अंकाच्या संपादकांनी बजावलंय की तांत्रिक फार नको. बरं. तर एवढंच समजून घ्या की कॉम्प्युटरच्या डब्यात एक मेंदू असतो आणि पडद्यावरची चित्रं काढायला एक वेगळा रंगारी ठेवलेला असतो. या रंगाऱ्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. विटेएवढं असतं, अंगाला पंखे असतात आणि काम पडलं की तापतं. तुम्ही नुसती पत्रं टाईप करत असाल तर त्याची गरज नाही. गेम खेळायचे असतील, लग्नाचे व्हिडिओ जोडायचे असतील, तर त्याच्यावाचून चालत नाही. ही कार्डं बनवणाऱ्या मुख्य कंपन्या दोन. नावं घेतली तर वकिलाची नोटीस थेट अंकाच्या पत्त्यावर यायची, म्हणून मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणते. दोघी एकाच नवऱ्याच्या असल्यासारख्या भांडतात आणि तो नवरा म्हणजे आपण, गिऱ्हाईक.

दसरा झाला की आमच्या धंद्यात आजाऱ्यांची रांग लागते. खंडे नवमीला लोक हत्यारं पुजतात, आता त्यात कॉम्प्युटर आला. बाहेरून गंध लावलं तर माझं काही म्हणणं नाही. पण भक्ती उतू जाते आणि माणसं झाकण उघडून थेट कार्डाच्या पंख्यावर हळदकुंकू वाहतात. मग मशीन चालू करतात. पंखा आपलं काम करतो. भिंत, पडदा आणि पूजा करणारा, सगळं लालपिवळं. किनवटच्या एका फोटोवाल्यानं तर पंख्यात सुपारी ठेवली होती. पाती मोडली तेव्हा मला म्हणाला, "ताई, देवाचं करताना झालं. वॉरंटीत बसत न्हाई का?" मी म्हटलं, कंपनीच्या कागदात तसं कलम नाही. तो म्हणाला, "मग कसली कंपनी?" आणि खरंच नाराज होऊन गेला.

या लोकांचा मला राग येत नाही. मशीनवर त्यांचा जीव असतो. राग येतो तो मशीनमध्ये सोवळंओवळं घुसवणाऱ्यांचा, आणि ते पुण्याहून, विमानतळावर डकवलेली चिठ्ठी तशीच ठेवलेली बॅग घेऊन येतात.

थोरल्या कंपनीचा असाच एक साहेब दुकानात आला. (हा माझ्या मागे न बघता मोबाईलमध्येच बघत होता, तेवढं त्याचं कौतुक.) म्हणाला, "मॅडम, एक जबरदस्त गेम येतोय. फक्त आमच्या कार्डवर चालणार. एक्सक्लुझिव्ह." गेम घोडेस्वारांच्या लढाईचा होता. त्यानं लॅपटॉपवर दाखवला. घोडा दौडत होता, धूळ उडत होती. साहेब म्हणाले, "शेपूट बघा."

मी बघितली. शेपूट होती.

"एकेक केस वेगळा हलतो. हे फक्त आमचं कार्ड करू शकतं."

"धाकटीच्या कार्डावर शेपूट हलत नाही?"

"हलते, पण झुपक्यानं हलते."

"मग झुपक्यानं हलू द्या की. गेम का बंद करायचा?"

साहेब हसले. म्हणाले, गेम बनवणाऱ्यांकडे आमचे इंजिनियर वर्षानुवर्षं बसले, आम्ही पैसा ओतला, नसता ओतला तर हा गेम जन्मालाच आला नसता. आता आम्ही पेरलं ते आमच्याच खळ्यात नको का यायला? खळं पुण्याच्या साहेबानं कधी बघितलं असेल असं वाटलं नाही, पण मराठवाड्यात जायचंय म्हणून कुणीतरी पढवून पाठवलं असावं.

त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, हे मी मान्य करते. ज्यानं खर्च केला त्यानं फायदा बघावा. आणि एखादं काम एखाद्या कार्डाला खरोखर झेपतच नसेल तर तसं सांगावं, त्यात अपमान कसला. पण झेपत असताना दारातच अडवायचं आणि वर म्हणायचं की तुझीच लायकी नाही, याला तंत्रज्ञान म्हणत नाहीत. उद्या एखादी मालिका एकाच कंपनीच्या टीव्हीवर दिसायला लागली तर बायका त्या कंपनीच्या दारात लाटणी घेऊन जातील. गेम खेळणारी पोरं मात्र उलट करतात. ती बापाच्या मागे लागतात. कंपनीला हे बरोबर माहीत असतं. त्या मोसमात माझ्याकडे थोरलीची कार्डं चांगली खपली, हेही सांगून टाकते. मी विकत होते आणि शिव्या घालत होते. दोन्ही कामं मनापासून केली.

हा गेम बाजारात यायच्या थोडं आधी कंधारहून दिगंबरमामा आले. एसटीत वाहक होते, निवृत्त झालेले. माझे कुणी लागत नाहीत, पण मी कंधारला सारखी जायचे तेव्हा मला खिडकीची जागा धरून द्यायचे, तेव्हापासून मामा. सोबत त्यांची मुलगी अश्विनी होती. ती कंधारच्या फोटो स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ जोडायची. दिवसभर दुसऱ्यांच्या वराती बघायची आणि त्यातला नाचणाऱ्या काकांचा भाग कापायची.

"ताई, अश्विनीचं जमलं," मामा म्हणाले. "लातूरची सोयरीक हाय. पाहुणे लई चांगले. मागणं काहीच न्हाई म्हणाले. फक्त पोराला गेमिंगचं एक कॉम्प्युटर."

हुंडा कायद्यानं बंद आहे, म्हणून आता त्याला पोराची आवड म्हणतात. माझ्या तोंडावर आलं होतं. पण मामांचा चेहरा इतका उजळलेला होता की मी गिळलं. मी कार्डं काढून ठेवली तशी अश्विनी पुढे सरकली आणि विचारू लागली की व्हिडिओला कुठलं बरं, तापतं किती, आवाज करतं का. मी धाकटीचं कार्ड सुचवलं. तेवढ्या किमतीत थोरलीचं येत होतं त्याहून दणकट होतं. पोराला कुठला गेम हवा, ते मी विचारलं नाही. आज कुणी आलं तरी मी तेच देईन. मी मशीन जोडलं, साखरपुड्याच्या वेळी ते वाजतगाजत लातूरला गेलं, आणि माझ्या लेखी विषय संपला.

मग तो गेम आला.

लातूरला काय झालं ते मला नंतर मामांनी सांगितलं. मुलाचे वडील बापूसाहेब, त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान. त्यांनी मशीन बैठकीत पाटावर मांडलेलं, हार घातलेला. भाऊबंद चहाला बोलावले होते. मुलगा ऋषिकेश, त्यानं सगळ्यांसमोर गेम उघडला. घोडा आलाच नाही. इंग्रजीत एक पाटी आली. कुणीतरी चुलत्यानं मोठ्यानं मराठी करून सांगितलं, "तुमचं सामान किमान दर्जाचं न्हाई." बैठक गार पडली. कुणी त्या पाटीचा फोटो काढला आणि तो पाव्हण्यारावळ्यांच्या ग्रुपवर फिरला. खाली कुणीतरी लिहिलं, कंधारचा माल.

आमच्याकडे लग्नात मानपानावरून काय काय मोडलं ते मी ऐकलेलं होतं. टोपी हलकी दिली म्हणून, फेटा कमी पडला म्हणून, जावयाला बोलवायला मोटरसायकल पाठवली म्हणून. पण अमेरिकेतल्या कुण्या इंजिनियरनं टाईप केलेली ओळ मानपानात धरली गेली, असं पहिल्यांदाच बघत होते. त्या इंजिनियरला लातूर कुठं आहे हे माहीत नसावं. बापूसाहेबांना मात्र पक्कं वाटलं की ती पाटी त्यांच्याच घरासाठी लिहिली आहे.

मामा दुकानात आले तेव्हा त्यांच्या हातात पिशवी नव्हती, छत्री नव्हती, नुसते हात होते आणि ते कुठं ठेवावे हे त्यांना कळत नव्हतं. "ताई, तारीख धरू नका म्हणू लागलेत. आधी मशीन निस्तरा म्हणले. साखरपुडा होऊन बसलाय. आता मोडलं तर लेकीला कोण इचारंल? घोड्याच्या शेपटीपायी माझ्या लेकीचं लगीन मोडून राहिले वो हे लोक."

मी ऋषिकेशला फोन लावला. पोरगा गोड बोलतो, वाईट नाही. "आंटी, मला पर्सनली काहीच प्रॉब्लेम न्हाई."

"बाकीचे गेम चालतात का?"

"एकदम मक्खन. सगळे लई मस्त चालतात."

"मग?"

"पण तो न्हाई चालत ना. आणि पप्पा म्हणू लागलेत की चारचौघांत झालं."

"तुझं काय म्हणणं?"

फोनवर मागे पंख्याचा आवाज येत होता, माझ्याच जोडलेल्या मशीनचा. तो म्हणाला, "मी काय म्हणणार आंटी?"

मी मामांबरोबर लातूरला गेले. दुकान बंद ठेवून, अहमदपूरच्या स्टँडवर भज्यांसाठी सुद्धा न उतरता. मामा वाटेत एवढंच म्हणाले की तुम्ही समजावून सांगा, तुमचं ऐकतील. बापूसाहेबांनी आमचं स्वागत केलं, आमच्या ह्यांची चौकशी केली, "सर आले न्हाईत का?" म्हणाले. म्हणजे इथंही तेच. मी मशीन चालू केलं आणि त्या घोड्याच्या गेमपेक्षा कितीतरी जड गेम लावून दाखवला. समुद्र होता, वादळ होतं, जहाजं जळत होती, सगळं लोण्यासारखं चाललं. म्हटलं, बघा, कार्डात काही खोट नाही. त्या कंपनीनं मुद्दाम कुलूप घातलंय. तुमच्या दुकानात एखाद्या कंपनीनं सांगितलं की आमचं बी आमच्याच पाइपाच्या पाण्यावर उगवेल, तर तुम्ही काय म्हणाल?

बापूसाहेब हुशार माणूस. त्यांनी पान लावत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, समुद्राचा गेम गल्लीत सगळ्यांकडं चालतो. तो चालला काय आन् न चालला काय. जो दुसऱ्याकडं चालत न्हाई, तो आपल्याकडं चालला पाहिजे. त्यालाच किंमत."

पुण्याच्या साहेबानं लॅपटॉप उघडून, रंगीत आलेख दाखवून जे सांगितलं होतं ते या माणसानं पान लावता लावता सांगितलं. शेपटी, केस, इंजिनियर, सगळं वरवरचं. आत एवढंच आहे की शेजाऱ्याला मिळू नये. मला त्या क्षणी इतका संताप आला की मी पाणी मागितलं आणि सगळं पिऊन टाकलं. ऋषिकेश दारात उभा होता, पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत. त्यानं एक शब्द काढला नाही. मला बापूसाहेबांपेक्षा त्याचाच राग जास्त आला.

"मशीन घेऊन जावा," बापूसाहेब म्हणाले. "कार्ड बदलून आणा. मग तारीख धरू. आमचा काही हट्ट न्हाई."

मामांनी स्वतः हार काढला, घडी घालून पाटावर ठेवला आणि डबा उचलला. एवढ्या वयात तो डबा छातीशी धरून ते जिना उतरले. कुणी हात लावला नाही. ऋषिकेशनं दार धरलं तेवढं.

दुसऱ्या दिवशी मामा आणि अश्विनी दोघं दुकानात आले. मशीन टेबलावर झाकण काढून ठेवलेलं. मी थोरलीचं कार्ड खोक्यातून काढलेलं होतं. मामांना काहीही करून ते बसवून हवं होतं, आणि माझा धंदा कार्ड बसवण्याचा. पण स्क्रू काढायला हात उठेना. मला भीती वाटत होती, स्पष्टच सांगते. बसवलं तर मुलगी त्या घरात जाणार, नाही बसवलं तर म्हाताऱ्याचं काय होणार. अशा गोष्टी आमच्या कोर्समध्ये नव्हत्या.

अश्विनीनं विचारलं, "मॅडम, आधीचं कार्ड खराब हाय का?"

"नाही."

"गेम ह्याच्यावर चालू शकतो?"

"कंपनीनं अडवलं नाही तर चालेल."

तिनं थोरलीचं कार्ड उचललं, उलटसुलट बघितलं आणि खोक्यात ठेवलं. "मग राहू द्या. बदलू नका."

"आगं, येडी हायेस का?" मामा म्हणाले. "एवढ्यावरून कुणी मोडतं का?"

"मी कुठं मोडून राहिले, बाबा? त्यांनी मोडलंय. आज शेपटी झाली. उद्या आयाळ म्हणतील." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही डबा उचलला तेव्हा तो काय करत होता?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. लातूरचं सगळं मीच तिला सकाळी फोनवर सांगितलं होतं, तिनं विचारलं म्हणून. मामा म्हणाले, "दार धरलं होतं त्यानं."

"बस्स," अश्विनी म्हणाली. "दार धरायला मला नवरा कशाला पाहिजे?"

मामा रडले. निवृत्त कंडक्टर, आयुष्यभर भरलेल्या गाडीत उभा राहून भांडणं सोडवलेला माणूस, माझ्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर रडला. आमचे हे पेपर बाजूला ठेवून उठले आणि त्यांच्यासाठी चहा सांगायला गेले. यांनी दुकानात केलेलं ते सगळ्यात उपयोगाचं काम. मशीन मी झाकण लावून कंधारला पाठवलं, धाकटीच्या कार्डासकट. अश्विनीनं स्टुडिओची नोकरी सोडली आणि त्याच मशीनवर घरी व्हिडिओ जोडायला लागली. मामा वर्षभर कुठल्या लग्नाला गेले नाहीत. लोक विचारायचे, आणि काय विचारायचे ते मी इथं लिहीत नाही. मुलीनं बरं केलं असं तुम्ही वाचताना म्हणाल. कंधारात तेव्हा कुणी म्हणालं नाही.

मग पुढच्या मोसमात पुण्याचे साहेब पुन्हा आले. नवीन पोस्टर, जुनं हसू. "मॅडम, आनंदाची बातमी. तो गेम आता सगळ्या कार्डांवर चालतो. अपडेट दिलंय."

"धाकटीच्या पण?"

"हो, सगळ्या."

"आणि शेपूट?"

"केस न् केस हलतो," साहेब अभिमानानं म्हणाले.

मी त्यांना चहा पाजला नाही. नांदेडात हा मोठा अपमान आहे, पण त्यांना तो कळला नाही.

योगायोग म्हणजे त्याच आठवड्यात अश्विनी आली होती. काम वाढलं होतं, मशीनमध्ये रॅम वाढवून हवी होती. मी झाकण काढत होते, तेवढ्यात सोपानमामा आत आले. हे त्या सोयरिकीतले मध्यस्थ, दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडं नेणारे. कंधारला जाऊन आले होते, तिथं कळलं की पोरगी नांदेडला गेली, म्हणून माझ्या दुकानात. खुर्चीवर बसले, घाम पुसला, आणि मोठ्या खुशीत म्हणाले, "पोरी, तुपलं नशीब उघडलं बग. आता काहीच अडचण न्हाई. तो गेम सगळ्याच कार्डांवर चालू लागलाय म्हणं. बापूसाहेब म्हणले, झालं गेलं सोडा. हेच मशीन पाठवा, बदलायचं बी काम न्हाई. ऋषिकेशचं अजून कुठं जमलेलं न्हाई."

अश्विनीनं त्यांना आधी पाणी दिलं. मग विचारलं, "मामा, गेम बदलला ते कळलं. पोरगा तोच हाय ना?"

सोपानमामांना प्रश्न नीट समजला नसावा. ते म्हणाले, "हाव, तोच हाय की."

"मग न्हाई," अश्विनी म्हणाली, आणि रॅम कुठल्या खाचेत बसते ते बघायला माझ्याजवळ येऊन उभी राहिली.